अबुधाबीतली फुंकर

आमच्या वाडीतली माणसं आखातात जाऊन आली की एका उंच इमारतीखाली उभं राहून काढलेला फोटो दाखवतात. मान मोडेपर्यंत वर बघून काय मिळतं ते मला कळलेलं नाही. मी तिकडे तीन आठवडे राहिलो आणि बंदुका बघून आलो. आमच्या तालुक्यात परवानेवाले पुष्कळ आहेत, पण एवढ्या बंदुका एका छपराखाली त्यांच्यापैकी कुणी बघितलेल्या नाहीत, म्हणून हे लिहायला घेतलं. शाळा माझी चौथीपर्यंत. शुद्धलेखन ज्याला खुपेल त्याने मनातल्या मनात सुधारून घ्यावं.

माझी बंदूक एकनळी, ठासणीची, वडिलांकडून आलेली. काजूच्या बागेत माकडं शिरली, भातात डुकरं शिरली, की त्यांना पळवायला नुसता बार काढायचा, एवढंच तिचं काम. पन्नास वर्षांत तिच्यामुळे कुणाला खरचटलंसुद्धा नाही. यंदा परवान्याच्या नूतनीकरणाला गेलो तर कारकून म्हणाला, तात्या, सत्तरी उलटली, आता वारसाचं नाव लावा. मुलाच्या सहीचा संमतीचा कागद आणा, नाहीतर बंदूक कायमची जमा करा.

मुलगा महेश एकवीस वर्षं अबुधाबीला आहे. दोन वर्षांनी कायमचा गावी येणार, घराचा वरचा मजला त्यासाठीच काढलाय. मग बंदूक त्याच्या नावावर व्हायला हरकत काय? फोनवर आठ वेळा विचारलं. आठही वेळा नाही म्हणाला आणि कारण एकदाही सांगितलं नाही. फोनवर नाही म्हणणं सोपं असतं. समोर बसून म्हणून दाखव, असं मी म्हटलं. त्यानं तिकीट पाठवलं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि चतुर्थीच्या आत घरी पोचायचं या अटीवर विमानात बसलो. विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बसलो आणि उतरलो.

मोहम्मद बिन झायद सिटी

महेश राहतो त्या वस्तीचं नाव एवढं लांब आहे. जवळच मुसफ्फा म्हणून कारखान्यांचा भाग, तिथे तो एका कंपनीच्या कोठारावर साहेब आहे. वस्ती स्वच्छ, रस्ते रुंद, आणि रस्त्यावर माणूस नाही. दुपारी खाली उतरलो तर दाराच्या कडीचा हाताला चटका बसला. आमच्याकडे वैशाखात ऊन असतं, पण ते आंब्याखाली गेलं की संपतं. तिथलं ऊन सावलीतही मागे येतं.

सून स्वाती पुण्याची, पण घावणे माझ्या बायकोसारखे घालायला शिकली आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, म्हणून हे मुद्दाम लिहितो. नारळ तिकडे केरळातून येतो, ठीक असतो. कोकम मी नेलं होतं. नात ईरा बारा वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. तिचं इंग्रजी मला कळतं, कारण ती हात करून बोलते. महेश फोनवर बोलायला लागला की एका वाक्यात चार भाषा. "यल्ला भाई, वो डिलिव्हरी आज खलास करो, नाहीतर मॅनेजर माझं डोकं खाईल." ऐकणारा मल्याळी होता म्हणे. त्यालाही सगळं कळलं.

पहिल्या रात्री जेवताना मी कागद ताटाशेजारी ठेवला. महेशनं तो नीट वाचला, घडी घातली, पुन्हा पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, बाबा, जेवा, आमटी निवतेय. मी म्हटलं, हे नववं 'नाही' झालं. तो म्हणाला, हो, नववं. स्वाती आत निघून गेली. मी जेवलो, कारण आमटी चांगली होती, पण हरलो नव्हतो. अजून वीस दिवस हातात होते.

उम्म अल कुवैन

शनिवारी सुट्टी, तेव्हा महेशनं गाडीतून उम्म अल कुवैनला नेलं. दोन तासांवर शांत गाव, समुद्राला लागून. तिथे खाडीत चक्क आमच्यासारखं कांदळवन आहे. वाळवंटाच्या देशात चिखलातून वर आलेली ती मुळं बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. चप्पल काढून पाय घातला तर महेश मागून ओरडला, बाबा, दंड होईल. तिथे कशाकशाला दंड आहे याची यादी त्याला पाठ आहे.

मासळीबाजार थंडगार, जमीन आरशासारखी, वासही फारसा नाही. विकणारा बांगलादेशी. त्याच्याकडच्या हामूर नावाच्या माशाचं फार कौतुक चाललं होतं. मी कल्ला उघडून बघितला. आपला गोबरा, दुसरं काही नाही. इसवण, म्हणजे सुरमई, पंचवीस दिरहम किलो, महेश लगेच मोठ्यानं म्हणाला, म्हणजे सहाशे रुपये. एकवीस वर्षं झाली तरी हा हिशेब तोंडातून सुटत नाही. मी त्या पोराला कालची इसवण मागे करायला लावली आणि त्याच्या पेटीच्या तळातली आजची काढून घेतली. तो हसून म्हणाला, चाचा, आप तो मच्छीवाले हो. मी म्हटलं, खाणारा आहे.

परत येताना रस्त्याकडेला एक मोठी पाटी दिसली. मनगटावर ससाणा बसलेला अरब, मागे बंदुकांची रांग. ईरानं वाचून सांगितलं की अबुधाबीत शिकारीच्या सामानाचं प्रदर्शन लागलंय, घोडे, उंट, ससाणे आणि बंदुका. महेशनं पाटीकडे बघितलंच नाही. मी म्हटलं, मला तिथे जायचंय. तो म्हणाला, गर्दी असते. ईरा म्हणाली, "आय वॉन्ट टू सी द फाल्कन्स." दोघांपुढे एकटा काय करणार. माझ्या मनात काय होतं ते लिहितो. बंदूक म्हटली की महेशला गुंडमवाली दिसतात अशी माझी समजूत होती. शिस्तीत, सन्मानानं मांडलेली बंदूक त्यानं एकदा बघितली की सही होणार, याबद्दल मला शंका नव्हती.

प्रदर्शनात

फाटकावरच माझी अडवणूक झाली. यंत्रातून पिशवी गेली आणि शिट्टी वाजली. पिशवीत आडकित्ता. पहारेकरी नेपाळी, त्यानं तो दोन बोटांत धरून वर केला आणि हे काय म्हणून विचारलं. मी सुपारी काढून कातरून दाखवणार होतो, तर महेशनं माझा हात धरला. त्यांनी आडकित्ता एका पाकिटात घातला, मला नंबराचा बिल्ला दिला, जाताना न्या म्हणाले. आत शेकडो बंदुका आणि माझा आडकित्ता बाहेर. मला आधी राग आला, मग पटलं. हत्यार छोटं का मोठं हे पहारेकरी ठरवायला लागला की पहारा संपला.

आत आधी ससाणे. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून ते दांड्यांवर बसलेले, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरांसारखे. एकेकाची किंमत ऐकून महेशनं रुपयांत हिशेब करायचं सोडून दिलं. ईरानं तिथून आम्हाला अर्धा तास हलू दिलं नाही. लुकैमात म्हणून गोड बोंडं मिळतात, गरम, वर खजुराचा पाक. आमच्या जत्रेतल्या गुलगुल्यांची ही श्रीमंत बहीण. तीन द्रोण खाल्ले.

मग बंदुकांचं दालन. दाराशी नारिंगी जाकीट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला खान नावाचा माणूस होता, पेशावरकडचा. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो नियम सांगत होता आणि न ऐकता पुढे जाणाऱ्याला मागे बोलवत होता. मी त्याच्याकडून सगळं दोनदा ऐकून घेतलं. बाहेरचं हत्यार कुणालाही आत आणता येत नाही, परवाना असो नाहीतर तुम्ही मोठे शेख असा. आतली एकही बंदूक भरलेली नाही आणि दालनात काडतूस औषधालाही नाही. प्रत्येक बंदूक पोलादी दोरीनं मेजाला बांधलेली. काडतुसाच्या जागी किंवा नळीच्या तोंडात लांबून दिसेल अशी नारिंगी प्लॅस्टिकची काडी. ती काडी तिथल्या माणसाशिवाय कुणी काढायची नाही. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हातात घेतली तर नळी छताकडे, बोट चापाच्या बाहेर, आणि नळी माणसावरून फिरवायची नाही. विकत घ्यायची तर तिथल्या नागरिकानं, पोलिसांची परवानगी दाखवून. पैसे मोजले तरी खांद्यावर टाकून घरी नेता येत नाही, कागद पुरे झाल्यावरच पेटीत कुलूप लावून मिळते.

मला हे पसंत पडलं. आमच्याकडे निवडणुकीत जमा केलेल्या बंदुका ठाण्याच्या कोपऱ्यात सुतळीनं चिठ्ठ्या बांधून छत्र्यांसारख्या उभ्या असतात. आणि वरातीत बार काढणारे शहाणे आमच्या पंचक्रोशीत चार-पाच तरी आहेत, त्यांना आणून दिवसभर या खानासमोर उभं करायला हवं.

एका मेजावर एक तरुण बंदूक खांद्याला लावून बघत होता, बोट चापावर. मी खानाला खूण केली. खान गेला, त्याचं बोट बाजूला केलं, आणि परत येऊन म्हणाला, "चाचा, आपको तो यहाँ नौकरी देनी चाहिए." मी महेशकडे बघितलं. तो ऐकत होता. कागद बंडीत होता. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत काम फत्ते.

शेवटच्या रांगेत जुन्या बंदुका होत्या. चांदीच्या कड्या बसवलेल्या लांब नळ्या, हस्तिदंताचे तुकडे, आणि त्यांच्यात एक साधी, काळी, एकनळी. माझ्या बंदुकीची सख्खी बहीण म्हणावी अशी ठासणीची. मालक माझ्याच वयाचा अरब, पांढरा पायघोळ कंदुरा, हातात वेताची काठी. अबू राशिद नाव. तरुणपणी खजुराच्या गलबतावरून मुंबईला येत असे, त्यामुळे हिंदी आपल्यासारखं बोलत होता. त्यानं गहवा दिला, त्यांची बिनदुधाची कॉफी, वेलची घातलेली. पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. मी सात प्यायलो, मग ईरानं सांगितलं की नको असेल तर पेला हलवायचा असतो. मी त्याला माझ्या बंदुकीचं सगळं सांगितलं, दारू किती, छर्रे किती, पावसाळ्यात दारू कोरडी कशी ठेवायची. तो मान हलवत होता. मग मी हातात घेऊन बघू का म्हणून विचारलं, आणि दोरी सैल करून त्यानं ती काळी बंदूक माझ्या हातात दिली.

आता पुढचं नीट लिहितो, कारण यात माझ्याबद्दल कुणी उलटसुलट सांगू नये. वडिलांनी मला पहिला धडा दिला तो हा, की दुसऱ्याच्या शब्दावर बंदूक रिकामी मानायची नाही. ठासणीची बंदूक मागून उघडत नाही, त्यामुळे आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून घोडा वर करायचा, नळीचं तोंड ओठांना लावायचं आणि जोरात फुंकर मारायची. मागच्या बारीक भोकातून हवा सुटली तर नळी मोकळी. नाही सुटली तर आत काहीतरी आहे. आमच्या भागात सगळे जुने लोक असंच करतात. हात आपोआप चालले. मी नारिंगी काडी ओढून मेजावर ठेवली, घोडा वर केला, नळी तोंडात धरली आणि फुंकलं. भोकातून हवा छान सुटली.

त्याच वेळी महेश ओरडला. "बाबा!" एवढंच. पण असा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. मागोमाग खानाची शिट्टी. खान दोन ढांगांत आला, एका हातानं नळी वर केली, दुसऱ्या हातानं बंदूक काढून घेतली. झटापट नाही, शिवी नाही. काम येत असलेला माणूस होता.

मी म्हटलं, मी तपासत होतो. तुझ्या काडीवर विश्वास ठेवून चापाला हात लावणारा बरा, की स्वतः तपासणारा बरा? खान म्हणाला, "चाचा, यहाँ कोई बंदूक ख़ाली नहीं होती. ख़ाली हो तब भी नहीं." मी म्हटलं, तेच तर, म्हणून तपासली. तो म्हणाला, तपासणारे आम्ही आहोत, आणि तोंडानं तर नाहीच. आम्ही दोघं एकच गोष्ट सांगत होतो आणि भांडत होतो. महेशचं ओळखपत्र मागितलं गेलं. त्यानं काढून दिलं. खानानं नंबर उतरवून घेतला. ईरा मोजत होती. "आबा, यू ब्रोक लाइक थ्री रूल्स." मी म्हटलं, दोन. हातात घेण्याआधी विचारलं होतं.

शेवटी अबू राशिद काठी टेकत मध्ये आला. खानाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, हबीबी. मेरा बाप भी ऐसे ही फूँकता था." मग खानानं वही मिटली. पण बंदुकांच्या दालनात आता थांबू नका, म्हणाला, उंट बघा, घोडे बघा. नियम म्हणजे नियम. त्याच्या जागी मी असतो तर मीही बाहेर काढलं असतं, हे मी त्याला बोलूनही दाखवलं. अबू राशिदनं जाताना माझ्या दोन्ही गालांना गाल लावले.

गाडीत

गाडी तळघरात लावली होती. मी पुढे बसलो, ईरा मागे कानात वायरी घालून. मी खूष होतो, खोटं का बोला. म्हटलं, बघितलंस, त्यांच्यातला जाणता माणूससुद्धा म्हणाला, बापही असंच करायचा. म्हणजे रीत बरोबर आहे, फक्त जागा चुकली. आता कागदावर सही करायला हरकत नाही.

महेशनं गाडी चालू केली आणि पुन्हा बंद केली. दोन्ही हात चाकावरच.

"तुम्ही दर शनिवारी खळ्यात बसून नळी तोंडात धरायचात," तो म्हणाला. "मी पडवीच्या खांबामागे असायचो. आकडे मोजायचो."

"कसले आकडे?"

"तुम्ही ती तोंडातून काढेपर्यंतचे. नऊच्या पुढे गेलं की पळत आत आईकडे जायचो."

"तिला सांगायचास?"

"नाही. पाणी मागायचो."

मी विचारलं, केव्हापासून? तो म्हणाला, सहा-सात वर्षांचा असेन. शेजारच्या वाडीतल्या एकानं बंदुकीनं स्वतःचं बरंवाईट करून घेतलं होतं, मोठी माणसं कुजबुजत होती ते त्यानं ऐकलं होतं. तेव्हापासून. शाळा संपून मुंबईला जाईपर्यंत. प्रत्येक शनिवार.

मी साफसफाई करत होतो. माझ्या डोक्यात माकडं असायची, दारू ओली झाली का कोरडी ते असायचं. खांबामागे कुणी आहे हे मी एकदाही मान वळवून बघितलं नाही. नळी रिकामी आहे का ते मात्र दर वेळी बघितलं.

मी विचारलं, "आज किती झाले?"

"आज मोजले नाहीत," महेश म्हणाला. "आज ओरडता आलं."

मागून ईरानं कानातली वायर काढून विचारलं, "आर वी गोइंग ऑर नॉट?" आणि आम्ही निघालो. घरी येऊन मी कागद पुन्हा ताटाशेजारी ठेवला नाही. महेशनंही विषय काढला नाही. उरलेले दिवस मजेत गेले. एकदा शेजारच्या शहरात, अल बर्शाला स्वातीच्या बहिणीकडे जेवायला गेलो, मेट्रोत बसलो, चालकाशिवाय चालते ती, आणि मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमचे बैलसुद्धा बाजारातून एकटे घरी यायचे.

गावी

चतुर्थीच्या चार दिवस आधी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदूक उतरवली. फुंकर न मारता, ठासायचा लोखंडी गज आत टाकून बघितलं. गज तळाला लागून ठणकन वाजला, म्हणजे नळी रिकामी. ही रीतही वडिलांचीच, फक्त वेळ जास्त लागतो म्हणून मी ती सोडली होती. फुंकर चुकीची, असं मी आजही म्हणणार नाही. ठासणीच्या बंदुकीला ती बरोबर आहे, आणि ज्याला वाद घालायचा असेल त्यानं माझ्या खळ्यात यावं. पण बंदूक फक्त धरणाऱ्याची नसते, बघणाऱ्याचीही असते, हे मला शिकायला अबुधाबीपर्यंत जावं लागलं.

बंदूक गोणपाटात गुंडाळून ठाण्यात नेली. हवालदार ओळखीचा. म्हणाला, तात्या, निवडणूक कुठेय आता? मी म्हटलं, कायमची जमा करायचीय, परवान्यासकट. त्यानं दोनदा विचारून खात्री केली, मग छापील अर्ज काढला आणि नळीवरचा नंबर उतरवून घेतला. एक रकाना कारणाचा होता.

"वयोमान लिहू ना?" हवालदार म्हणाला.

"वयोमान लिहायचं नाही. माझी नजर तुझ्यापेक्षा चांगली आहे."

"मग काय लिहू?"

"घरात मूल आहे, असं लिही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "तात्या, तुम्ही एकटे राहता. तुमच्या घरात कुठलं मूल?"

"आहे," मी म्हटलं. "चव्वेचाळीस वर्षांचं आहे. दोन वर्षांनी घरी येतंय."